चढणीचा मासा

नातीने माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट धरून मला मासे शिकवले. अंगठा म्हणजे चम, कारण इंग्रजीत ‘थम’ला ‘चम’ जुळतं. तर्जनी डोळ्यात जाते, म्हणून ती सॉकआय. मधलं बोट सगळ्यांत उंच, तो किंग, त्यालाच चिनूक म्हणायचं. अनामिकेत चांदीची अंगठी, तो सिल्व्हर, म्हणजे कोहो. आणि करंगळी ती पिंक. पाच बोटं, पाच सॅमन. इथली पोरं ते असंच पाठ करतात. गाडी सिएटलहून पूर्वेला डोंगरांकडे चालली होती, अजून पुरतं उजाडलं नव्हतं. पुढच्या सीटवरून जावई म्हणाले, “आई, आज आपण करंगळीसाठी चाललोय.”

करंगळीसाठी, कारण २०२५ हे विषम साल. पिंक सॅमनचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. नदीत जन्म, समुद्रात वाढ, आणि दुसऱ्या वर्षी उन्हाळा सरता सरता परत नदीत. वर चढून अंडी घातली की नर-मादी दोघंही मरतात. हा दोन वर्षांचा हिशेब इतका पक्का, की सम सालातल्या माशांची आणि विषम सालातल्यांची कधी गाठच पडत नाही. सिएटलच्या दाराशी प्यूजेट साउंड नावाचा मोठा समुद्राचा फाटा आत शिरलेला आहे. त्याला मिळणाऱ्या नद्यांत विषम सालात पिंकची रीघ लागते आणि सम सालात जवळजवळ शुकशुकाट असतो. मी लेकीकडे याआधी दोनदा आले होते, दोन्ही वेळा सम साल. या खेपेला नातीने फोनवर बजावलं होतं, “आजी, सप्टेंबरमध्येच ये.”

आपल्याकडे हॉटेलात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून ताटात वाढतात, म्हणून इथेच सांगते. रावसाचा आणि सॅमनचा काही संबंध नाही. रावस आपल्या किनाऱ्याचा, खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात फिरणारा, छातीखाली दोऱ्यांसारखे तंतू असलेला मासा. खऱ्या सॅमनच्या जवळचं आपल्या कोकणातल्या नद्यांत कोणी नाही. पण त्याची चाल मात्र मला पाहताक्षणी ओळखीची वाटली, आणि हा लेख त्या ओळखीपायीच लिहिते आहे.

नदीचं नाव स्कायकोमिश. जिथे आम्ही उतरलो त्या गावाचं नाव सुलतान. मी दचकलेच. तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखाचं नाव सोनं शोधायला आलेल्या गोऱ्यांच्या जिभेला वळेना, त्याचं त्यांनी सुलतान करून टाकलं. काठावर गोल गुळगुळीत गोटे, त्यावर धुकं, आणि धुक्यात हातभर अंतरावर एकेक माणूस कांडी घेऊन उभा. म्हातारे होते, बायका होत्या, शाळकरी पोरं होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पाणी इतकं थंड, की बोटं बुडवली तर कळ मनगटापर्यंत यावी. लेकीने आधी पोरीला लाल लाइफ जॅकेट घातलं, पट्टे दोनदा ओढून पाहिले, मग थर्मासमधला चहा ओतला.

जावयांनी लायसन काढलेलं होतं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला लायसन लागत नाही, पण सॅमन धरायचा तर एक कार्ड मात्र त्यालाही घ्यावं लागतं. मासा ठेवून घेतला की तिथल्या तिथे, शाईने लिहायचं: तारीख, जागा, जात. नातीने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवलं होतं. मी पाहुणी, माझ्याकडे लायसन नाही, तेव्हा मला कांडीला हात लावायचा नव्हता. जावयांनी डबीतून गळ काढला आणि पकडीने त्याचा उलटा काटा दाबून सपाट केला, म्हणजे माशाच्या तोंडातून तो सहज निघावा. आमच्याकडे गरी घेताना वडील उलट काटा बोटाने चाचपून पाहायचे, धार बरी आहे ना म्हणून. इथे तोच काटा मोडायचा होता. का, ते मला तासाभराने कळलं.

गळाला आमिष नव्हतं. गुलाबी पिसांचा एक गोंडा होता, खाली शिशाचा मणी. नदीत शिरला की सॅमन खाणं सोडतो. समुद्रात अंगावर चढलेल्या चरबीवर तो पुढची सगळी चढण चढतो. तरी समोर नाचणाऱ्या गोंड्यावर तो झडप घालतो, ती भुकेने नव्हे, चिडून किंवा जुन्या सवयीने, असं इथले गरवणारे सांगतात. जावयांनी नातीच्या मागे उभं राहून तिला हात दाखवला: फेकायचं, बुडू द्यायचं, मनगटाने झटका, मग ढील, पुन्हा झटका. पोरगी ओठ दाबून ते करत राहिली. वीस वेळा, तीस वेळा. मधूनच एखादा मासा पाण्याबाहेर उसळून आडवा आदळायचा आणि काठावरच्या सगळ्या माना तिकडे वळायच्या.

मग तिची कांडी वाकली.

“बाबा!” एवढंच ती ओरडली. रिळाचा दोरा किरकिरत सुटायला लागला. जावई तिच्या पाठीशी उभे राहिले, पण कांडी त्यांनी घेतली नाही. “वर धर. ओढू नकोस, तो पळतो तर पळू दे. थांबला की गुंडाळ.” मी दोन पावलं पुढे झाले आणि हात मागे घेतले. आठ वर्षांच्या पोरीचे दंड थरथरताना दिसत होते आणि मला हात लावायची सोय नव्हती. बराच वेळ असा गेला. शेवटी मासा काठाच्या उथळ पाण्यात आला आणि जावयांनी त्याच्याखाली रबरी जाळं धरलं. उचललं मात्र नाही. जाळं पाण्यातच, मासा पाण्यातच.

“आधी तोंड बघ,” ते म्हणाले.

नात वाकली. मीही वाकले. माशाच्या खालच्या हिरड्या काळ्या होत्या, काजळ फिरवल्यासारख्या. शेपटीवर वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांवर ठिपके. “ब्लॅक गम्स. किंग आहे,” नात म्हणाली. “छोटा किंग.” मग तिने पाठीकडे बोट दाखवलं. पाठीच्या मागच्या टोकाला, शेपटीच्या अलीकडे, करंगळीच्या पेराएवढा एक मऊ, मांसल पंख होता. त्यात काटा नाही, हाड नाही. माणसांनी हॅचरीत वाढवून सोडलेल्या चिनूकचा हा पंख बहुधा लहानपणीच कापलेला असतो. तीच त्यांची खूण. ह्याचा शाबूत होता. हा नदीचा मासा. प्यूजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त म्हणून कायद्याने राखलेला आहे. तो ठेवायचा नाही. फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर काढायचा नाही.

पकडीने गळ धरून जावयांनी एक हिसका दिला, तो अलगद सुटला. उलटा काटा का चेपायचा ते तेव्हा मला दिसलं. मग त्यांनी नातीचा हात माशाच्या शेपटीच्या बुडाशी ठेवला, तोंड प्रवाहाकडे करून. मासा तसाच राहिला. कल्ले उघडत होते, मिटत होते. काळसर हिरवी पाठ, बाजूला पितळेची झाक, आणि डोळा आमच्याकडे नव्हे, वरच्या अंगाला. नातीची बोटं थंडीने लाल झाली होती. मी मनात दहापर्यंत मोजलं. शेपटीने एकच फटका दिला, तिच्या तोंडावर पाणी उडालं, आणि हात रिकामा झाला.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती वळली आणि म्हणाली, “आजी, तू बघितलास ना?”

“बघितला गो बाय.”

त्यानंतर दुपारपर्यंत दोन पिंक मिळाले. एक नर, पाठीवर उंट असावा तसं कुबड आलेला, त्यावरून या जातीला इथे ‘हंपी’ म्हणतात. दुसरी मादी, सडपातळ, अजून बरीचशी चंदेरी. पाठीवर आणि शेपटीवर मोठे लांबट काळे डाग, पिंकची ती ओळख. पिंक ठेवायची त्या दिवशी परवानगी होती. नातीने कार्डावर लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण हात गार पडले होते.

घरी आल्यावर मासे मी माझ्याकडे घेतले. लेकीच्या सिंकपाशी उभी राहून खवलं काढली, कल्ले काढले, मादीचं पोट चिरलं. आणि गाबोळी बाहेर आली. आपल्याकडची गाबोळी म्हणजे बारीक रवाळ दाणे, पिवळट गोळा. इथे प्रत्येक दाणा वाटाण्याहून थोडा लहान, नारिंगी, आरपार उजेड जाणारा. पिंकच्या मादीच्या पोटात अशी दीड हजारांच्या आसपास अंडी असतात. दोन लांब पिशव्या माझ्या तळहातावर होत्या, आणि मला आनंदच झाला. मी म्हटलं, “ही तुला तळून देते. मुलांचा मान असतो गाबोळीचा.”

नात स्टुलावर चढून पाहत होती. तिने विचारलं, “आजी, ही वर चालली होती ना, ही अंडी घालायला?”

“हो.”

“मग?”

सत्तरी ओलांडलेल्या बाईने आयुष्यभर जे खाल्लं, त्याबद्दल तिला हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला होता.

आमचं गाव रायगडातलं. मिरगाचा पहिला दणदणीत पाऊस पडला, वहाळ दुथडी भरून लाल पाणी शेतात शिरलं, की त्या रात्री कोणी झोपत नसे. नदीतले मासे वहाळात, वहाळातून शेतात, घोटाभर पाण्यात चढायचे. आमच्याकडे या चढणीला वलगण म्हणतात. इतर ठिकाणी चढणीचे मासे. शिवडे, मरळ, वाम, सगळी पोटाने फुगलेली, अंडी घालायला उथळ, शांत पाणी शोधत आलेली. “वलगण लागली रे!” अशी हाक या आळीतून त्या आळीत जायची आणि वडील, काका, शेजारचे सगळे कंदील, टोपल्या, पाग घेऊन बाहेर पडायचे. कोणाच्या हातात नुसता कोयता. पाण्यात खळबळ दिसली की कोयत्याचा बोथट मार. मला कंदील धरायला नेत. इरलं डोक्यावर, पाय चिखलात, आणि उजेडाच्या वर्तुळात माशाची पाठ चमकून जायची. सकाळी वडील टोपली ओट्यावर उपडी करत आणि येणारा-जाणारा विचारी, “किती गावले?” चुलीवर कालवण रटरटत असे. गाबोळी आम्हा पोरांच्या ताटात.

किती गावले, हे विचारणारे शंभर होते. किती वर गेले, हे कोणी विचारलं नाही. तेव्हा गरज नव्हती असं मला वाटायचं. वहाळ मोठा, माणसं थोडी, पागाची जाळी मोठ्या आसाची. पण मासा तोच होता, पोटातल्या अंड्यांसकट, चढत असतानाच मारलेला. तो दोष आमचा होता, हे मी त्या सिंकपाशी उभी राहून पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

जावई टेबलाशी कॉफी घेत होते. त्यांनी पोरीला सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण मला ते फार पटलं. मोसम सुरू होण्याआधी इथे अंदाज बांधतात, कुठल्या नदीत किती मासा येईल. त्यातला किती मासा अंडी घालायच्या जागी पोचलाच पाहिजे, तो आकडा आधी ठरतो. तो नदीचा वाटा. तो बाजूला काढल्यावर जे उरेल त्यातून माणसांचे वाटे पडतात. उरत नसेल तर नदी बंद. मोसमाच्या मधेसुद्धा बंद करतात. आणि मग शरदात माणसं ओढ्याकाठाने चालत जाऊन मोजतात, मादीने शेपटीने गोट्यांत उकरलेली घरटी किती, मेलेले मासे किती. ह्याच नदीच्या दक्षिण फाट्यावर सनसेट फॉल्स नावाचा धबधबा आहे, तो माशाला चढता येत नाही. तिथे १९५८ पासून मासे सापळ्यात घेतात आणि टाकीच्या ट्रकमध्ये घालून धबधब्याच्या वर नेऊन सोडतात. जाताना मोजतात.

“एकेक?” मी विचारलं.

“एकेक,” नात म्हणाली. शाळेच्या सहलीत तिने इसाक्वाची हॅचरी पाहिली आहे, तिला हे सगळं ठाऊक होतं.

हे मोजणं ह्या देशाला शहाणपणाने सुचलं असं मात्र मी म्हणणार नाही. आधी ओरबाडलं, मग मोजायला बसले. १८५४-५५ मध्ये ह्या भागातल्या मूळ जमातींकडून जमिनी लिहून घेतल्या, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क करारात कायम ठेवला होता. पुढे त्याच जागी जाळं टाकलं म्हणून त्यांना बेड्या घातल्या. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक पहिल्यांदा पकडले गेले तेव्हा चौदा वर्षांचे होते, आणि त्यानंतर पन्नासाहून अधिक वेळा. १९७४ मध्ये जॉर्ज बोल्ट नावाच्या न्यायाधीशांनी निकाल दिला, की धरण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा या जमातींचा, आणि माशांची देखभालही त्यांनी सरकारच्या बरोबरीने करायची. मासा कोणाचा हे कोर्टात ठरवायचं तर मासा किती आहे हे आधी मोजावं लागतं. प्यूजेट साउंडच्या पलीकडे एल्व्हा नदीवर १९१३ मध्ये धरण बांधलं, त्यात माशाला वर जायला वाटच ठेवली नव्हती. शंभर वर्षं सॅमन त्या भिंतीखाली येऊन थांबत राहिला. २०११ पासून २०१४ पर्यंत ते आणि वरचं धरण, दोन्ही पाडली, आणि मासा वर गेला. वरची वाट आठवणारा कोणी शिल्लक नव्हता, तरी गेला.

आम्ही नदीचा वाटा ठेवायला अगदीच विसरलो आहोत असंही नाही. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात, नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय दर्यात जायचं नाही अशी आमच्या कोळीबांधवांची रीत आहे. महाडजवळ वाळणकोंडीत मोठमोठे मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत, लोक त्यांना चुरमुरे घालतात, कोणी गळ टाकत नाही. राखायचं कसं हे आम्हाला कळतं. ते फक्त वलगणीच्या रात्री आम्हाला आठवत नाही. आणि आता तर रात्र आली तरी मासा येईल कुठून? आमच्या वहाळावर सिमेंटचा बंधारा झाला. पाणी अडतं, ते हवंच आहे, पण भिंत सरळसोट आहे. पुरुषभर उंचीची. तिला एका कडेला चार पायऱ्या ठेवल्या असत्या, पाणी पायरीपायरीने उतरेल अशा, तर शिवडा चढला असता. फार खर्च नव्हता. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही.

गाबोळी मी टाकली नाही. आलेल्या अन्नाला पाठ दाखवायची नाही, हे मला शिकवलेलं आहे. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून तव्यावर टाकली. ती आपल्यासारखी घट्ट होत नाही, दाणा फुटतो आणि तेल सुटतं. तुकड्यांना तांदळाचं पीठ लावून तळलं, डोक्यांचं कालवण केलं. पिंकला सॉकआयएवढी चरबी नसते, म्हणून आमसुलाच्या आंबटाशी त्याचं चांगलं जमलं. नातीने गाबोळीचा एक चमचा घेतला, हळूहळू खाल्ला, आणि दुसरा मागितला. प्रश्न विचारून झाल्यावरही तिने खाल्लं, ते मला बरं वाटलं.

काटे, कल्ले, आतडी मी परसात नेली. गावी माशाचं धुवण माडाच्या आळ्यात जायचं, त्याने माड धरतो. इथे लेकीने सफरचंदाचं एक झाड लावलं आहे, त्याच्या बुंध्याशी वीतभर खणून मी पुरलं. जावई म्हणाले, इथल्या जंगलांतही तेच चालतं. अस्वलं, गरुड मेलेले सॅमन काठावर ओढून नेतात, आणि समुद्रातून आलेला नत्र देवदाराच्या लाकडात सापडतो.

रात्री आठ वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठला, मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो गावच्या घरी ओटीवर चहा पीत होता. नातीने फोन माझ्या हातून काढून घेतला आणि काळ्या हिरड्यांचा किंग, त्याचा पंख, तिच्या तोंडावर उडालेलं पाणी, सगळं एका दमात सांगितलं. भाऊ हसत ऐकत होता. मग ती म्हणाली, “मामाआजोबा, आजी म्हणाली तुमच्याकडेपण मासे चढतात. ह्या वर्षी किती चढले?”

“गावले म्हणतेस? ह्या साली काही गावले नाहीत बाय. दोन-चार शिवडे, बस.”

“गावले नाही. वर किती गेले?”

तो थांबला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, “ते कोणी मोजलं नाही गो.”

“मग बघायचं कुठे?”

त्याने फोन हातात धरला, पायात चपला सरकवल्या आणि मागच्या दाराने निघाला. पडद्यावर केळी हलल्या, ओली पायवाट दिसली, माडांच्या मधून आभाळ दिसलं. मग पाण्याचा आवाज आला. त्याने फोन बंधाऱ्याकडे वळवला. भिंतीवरून पाणी सरळ खाली पडत होतं, आणि खालच्या डोहात, फेसाच्या कडेला, काहीतरी लहानसं उसळलं, भिंतीला लागलं आणि परत पाण्यात पडलं.

“थांबा, मामाआजोबा, फोन हलवू नका,” नात म्हणाली, आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघायला लागली.